झेंडूचा उजेड

नमस्कार. आज मला तुमच्याशी फोटोंबद्दल बोलायचंय, आणि तेही रेडिओवर, म्हणजे एकही फोटो न दाखवता. मला त्यात अडचण वाटत नाही. रस्त्यावरचा फोटो आधी डोळ्यांना दिसावा लागतो, कॅमेरा मागाहून येतो. तेव्हा मी सांगते, तुम्ही बघा.

दादरला पश्चिमेला बाहेर पडलं की सेनापती बापट मार्ग लागतो. जुनी माणसं अजून त्याला तुळशी पाईप रोडच म्हणतात. तिथे फुलबाजार भरतो. पहाटेपासून झेंडू, शेवंती, गुलछडी, लिलीच्या जुड्या, केळीची पानं, दूर्वा, बेल, आंब्याचे टाळे. मी डोंबिवलीची. गेली अठरा वर्षं ऑफिसला जायची माझी वाट याच बाजारातून जाते. त्यातली पहिली अकरा वर्षं मी पर्स छातीशी धरून, साडीच्या निऱ्या उचलून तिथून नुसती सुटका करून घेत होते. पायाखाली चिखल, कुजलेली पानं, मागून डोक्यावर गोणी घेतलेला हमाल ‘बाजू, बाजू’ करत येणार. मला गर्दी दिसायची, फुलं दिसायचीच नाहीत.

मग एका श्रावणात सकाळी नऊच्या सुमाराला असा पाऊस कोसळला की छत्री असून नसल्यासारखी. मी एका फुलवालीच्या ताडपत्रीखाली शिरले. निळी ताडपत्री, आपल्याकडे पावसाळ्यात सगळीकडे असते तीच. खाली झेंडूचा ढीग, गुडघ्याएवढा. मावशी तागडी हातात धरून एका गिऱ्हाइकाला फुलं जोखून देत होत्या. आणि मला दिसलं की त्यांचं कपाळ निळं आहे आणि हनुवटी केशरी.

खरोखरच तसं होतं. वरून ताडपत्रीतून गाळून येणारा उजेड निळा, आणि खाली ढिगावर पडून परत वर येणारा केशरी. लग्नात नवरीच्या गळ्यावर शालूचा रंग चढतो ना, तसा. दोन्ही रंग नाकाशी येऊन मिळत होते. मावशी वाकल्या की केशरी रंग गालांवर चढायचा, ताठ झाल्या की उतरायचा. पाऊस वीस मिनिटं होता आणि मी वीस मिनिटं फक्त तेवढंच बघत होते. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘ताई, फुलं घ्यायची का नुसती बघायची?’’ मी पाव किलो घेतली आणि मोबाइलवर एक फोटो काढला. तो हलला होता. पण त्या दिवसापासून मी हा नाद सोडलेला नाही. पुढे एक जुना, छोटा कॅमेरा घेतला. तो डब्याच्या पिशवीत मावतो.

अकरा वर्षं ते सगळं तिथेच होतं. फरक एवढाच की त्या दिवशी मी थांबले. रस्त्यावर फोटो काढायला निघालेली बहुतेक मंडळी चालत सुटतात. आज भुलेश्वर, उद्या ससून डॉक, परवा खोताची वाडी, जणू सौंदर्य कुठेतरी लपलंय आणि ते हुडकून काढायचंय. मला हे पटत नाही. एक जागा धरा आणि तासभर उभे राहा. शहर आपण होऊन तुमच्यासमोरून जातं.

या उभं राहण्याचा आणि फोटोचा संबंध फार जुना आहे. 1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांनी आपल्या खिडकीतून एका मोठ्या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता वाहता होता, गाड्याघोडे होते, माणसं होती. पण तेव्हा एका फोटोसाठी कॅमेऱ्याचं भिंग कित्येक मिनिटं उघडं ठेवावं लागे. जे चालत होते त्यांचा मागमूस राहिला नाही. रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस आहे, कारण तो बूट पॉलिश करून घ्यायला पाय वर ठेवून थांबला होता. त्याच्या पायाशी पॉलिशवाला अंधूक दिसतो. फोटोत आलेली पहिली माणसं म्हणून जगभर या दोघांचाच उल्लेख होतो. त्यांची नावं कुणालाही माहीत नाहीत.

हे वाचलं तेव्हापासून स्टेशनवर लाकडी पेटीवर ब्रश आपटून गिऱ्हाईक बोलावणारे पॉलिशवाले दिसले की मी थबकते. हा आवाज तुमच्याही कानात असेल. टक-टक, टक. घाईत असलेला माणूस येतो, पेटीवर पाय ठेवतो, आणि एवढ्या मोठ्या स्टेशनात दोन मिनिटं तो एकटाच स्थिर असतो.

आपली मुंबई या कलेत मागे नव्हती. 1854 साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रासच्या आधी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. जुन्या मुंबईचे त्या सुमाराचे फोटो बघताना रस्ते रिकामे दिसतात आणि आपण म्हणतो, काय सुख होतं तेव्हा! सगळं सुख खरं नव्हे हं. जी माणसं चालत होती, ती फोटोत उमटलीच नाहीत.

पुढे कॅमेरे वेगवान झाले आणि सेकंदाच्या अडीचशेव्या भागात धावता माणूसही गोठवता यायला लागला. तरी छायाचित्रकार रघू राय यांनी 1995 मध्ये चर्चगेट स्टेशनवर बरोबर उलटं केलं. शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड आत सोडणारा पडदा, मुद्दाम संथ ठेवलं. गाडीतून उतरलेली गर्दी धुक्यासारखी, पाण्यासारखी वाहून गेली, आणि मधोमध पेपर वाचत थांबलेली माणसं तेवढी स्पष्ट राहिली. लोकलने रोज जाणाऱ्या प्रत्येकाने हा फोटो एकदा बघावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. गर्दीत असताना आतून जे वाटतं, ते त्यात आहे. गर्दी म्हणजे एक लोंढा, आणि त्यात उभा असलेला मी.

आता उजेडाबद्दल थोडं. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी मुंबईत भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. जुलैत ढगांमुळे दिसत नाही, मे महिन्यात दिसतो. विजेचा खांब, हातगाडी, माणूस, कुणालाच सावली नाही, सगळे जमिनीवरून सुटल्यासारखे दिसतात. उलट डिसेंबरात दुपारी बारालाही सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी पडते. म्हणून मला डिसेंबर आवडतो. गिरगावातल्या चाळींच्या कठड्यांच्या सावल्या तेव्हा भिंतीवरून खाली जिन्यापर्यंत येतात, आणि वाळत घातलेल्या साडीची सावली हलते तेव्हा आख्खी भिंत हलल्यासारखी वाटते. मोबाइलवर काढत असाल तर एक करून बघा. पडद्यावर सगळ्यात उजळ भागाला बोट लावा आणि उजेड जरा कमी करा. सावल्या काळ्याभोर होतील, होऊ द्या. मोबाइल सगळंच दाखवायची धडपड करतो आणि त्यात उन्हाची गंमत जाते.

रंग की कृष्णधवल, असा एक वाद या क्षेत्रात कायम चालतो. मी रंगाच्या बाजूची. रघुबीर सिंग यांनी 1960 च्या दशकापासून रस्त्यावरचा भारत रंगीत फिल्मवर टिपला, आणि तो काळ असा होता की गंभीर फोटो कृष्णधवलच असला पाहिजे असं मानलं जाई. इथलं जगणं रंगाशिवाय सांगता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. मी एकदा माझा फुलबाजाराचा फोटो कृष्णधवल करून पाहिला. झेंडूची खडी झाली. पुन्हा तसं केलं नाही.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. जन्म 1913, नवसारीचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि 1930 च्या दशकात साडी नेसून, खांद्याला कॅमेरा लावून या शहरात फोटो काढत फिरल्या. सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापून आले. बाई कॅमेरा घेऊन आलीय म्हणजे हौस करत असेल, असं लोकांना वाटायचं, कुणी मनावर घ्यायचं नाही, आणि त्याचा आपल्याला फायदाच झाला, असं त्या सांगत. मला हे रोज अनुभवायला मिळतं. पन्नाशीची बाई, हातात डब्याची पिशवी, तिच्याकडे कोण बघतंय? मी तासभर एका जागी उभी राहू शकते.

पण कुणी आपल्याकडे बघत नाही, याचा अर्थ आपण कुणाचाही फोटो काढावा असा होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एक हमाल रिकाम्या गोणीवर डोळे मिटून टेकला होता. चेहऱ्यावर तिरकं ऊन. मी पहिला फोटो काढला, त्याने डोळे उघडले आणि तोंड फिरवलं. मी तरी दुसरा काढला. तो उठला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘दमलोय ओ बाई.’’ मी दोन्ही फोटो तिथेच पुसले, त्याला दाखवून पुसले. दमलेल्या, झोपलेल्या, पोटासाठी हात पसरणाऱ्या माणसाचा फोटो मी आता काढत नाही. त्यात उजेड कितीही सुंदर असो. दुसऱ्याच्या लहान मुलांचाही नाही, आई शेजारी असून हो म्हणाली तरच.

आणि मी फोटो छापून नेऊन देते. फुलवाल्या मावशींना पहिला चांगला फोटो दिला, तो निळ्या-केशरी उजेडातलाच, पुढच्या पावसाळ्यातला. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो कडेला धरून हातभर लांब नेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, काय म्हणतील म्हणून. त्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. म्हणाल्या, ‘‘काटा बघ. बरोबर मधे आहे ना?’’ मग शेजारच्या फुलवाल्याला हाक मारून त्यालाही काटा दाखवला. तो फोटो मी कित्येकदा पाहिला होता. काटा मला दिसला नव्हता.

असं पुष्कळदा होतं. फुटपाथवर एका न्हाव्याने भिंतीला खिळा ठोकून आरसा टांगलेला होता. गिऱ्हाइकाच्या गालाला पांढराशुभ्र फेस, न्हाव्याचा वस्तरा हवेत, असा एक फोटो माझ्याकडे आहे. मी काढला तो त्या फेसासाठी. आरशात मागून जाणारी लाल डबल डेकर आली होती, ती मला तेव्हा आडवी आल्यासारखी वाटली. 15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची डिझेलवर चालणारी शेवटची डबल डेकर रस्त्यावरून गेली. दीड महिन्यात काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. आता तो फोटो कुणीही हातात घेतला की आधी आरशाकडे बोट नेतं. माझी भाची, जी आता दहा वर्षांची आहे, तिने विचारलं, ‘‘आत्या, तू वर बसली होतीस कधी? पुढच्या खिडकीत?’’ बसले होते. फांद्या काचेवर आपटायच्या. तिला सांगत बसले तर अर्धा तास गेला.

शेवटी एका फोटोबद्दल सांगते, जो माझ्याकडे नाही. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची परतीची लोकल, लेडीज डबा, मला खिडकी मिळालेली. समोर एक बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या, काड्या एकीकडे, पानं एकीकडे. कुर्ल्याच्या अलीकडे मधला रूळ सोडून पलीकडून दुसरी लोकल आमच्या बरोबरीने आली. आधी ती पुढे सरकली, मग आमची, आणि मग दोन्ही गाड्यांचा वेग सारखा झाला. बाहेरचं सगळं, खांब, झोपड्या, सिग्नल, मागे वाहून जात होतं, आणि त्या दोन गाड्या एकमेकींसमोर उभ्या होत्या. माझ्या बरोबर समोरच्या खिडकीत एक बाई होत्या. केसांत अबोलीचा गजरा. मावळतीचं ऊन माझ्या पाठीमागून आमच्या डब्यातून आरपार जाऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. त्यांच्याही मांडीवर पेपर होता आणि त्या मटार सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या समोरच्या बाईंच्या मेथीकडे, आणि हातातली शेंग जराशी उचलून दाखवली. आमच्या बाईंनी मेथीची जुडी उचलली.

कॅमेरा पिशवीत होता, पिशवी पायाशी. मी वाकले नाही. वाकले असते तर ते दिसलं नसतं. सात-आठ सेकंद असतील. मग त्यांची गाडी हळूहळू पुढे निघाली, एक-एक खिडकी समोरून सरकायला लागली, आणि आमच्या बाई पुन्हा मेथी निवडायला लागल्या.