कलेजी, गुर्दा, भेजा : सेलेनियम कुठे सापडतं?

[दृश्य : पुणे, कॅम्प. सकाळचं मटणाचं दुकान.]

कलेजी, गुर्दा, भेजा. गिऱ्हाईक हे चवीनं मागतं. आपण त्यात एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, शोधणार आहोत. नाव ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, काम पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी करणं. जैवरसायनशास्त्रज्ञ गॉर्डन मिल्स यांना ते १९५७ मध्ये गाईच्या तांबड्या रक्तपेशींत सापडलं. त्यात सेलेनियम हे मूलद्रव्य आहे, हे कळायला १९७३ साल उजाडलं.

हे एकच प्रथिन नाही, ही खरं तर भावंडं आहेत. पहिलं कलेजी, गुर्दा आणि रक्तपेशींत. दुसरं आतड्याच्या अस्तरात. तिसरं मुख्यतः गुर्द्यात बनतं, पण राहतं रक्तद्रवात. चौथं पेशीपटलातली मेदद्रव्यं सांभाळतं. वृषणात ते भरपूर असतं, आणि पक्व शुक्रजंतूच्या मधल्या भागात तर एन्झाइमचं काम सोडून चक्क बांधकामाचा माल होतं.

[दृश्य : प्रयोगशाळा. बर्फात ठेवलेला कलेजीचा तुकडा.]

कलेजी बर्फगार सलाईननं धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत. इथे आळस नको. रक्त राहिलं तर रक्तपेशींतलं प्रथिनही कलेजीच्या नावावर चढतं. १ ग्रॅम कलेजीला ९ मिलिलिटर थंड फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ७. बर्फातच घोटायचं, ४ अंशांवर सेंट्रीफ्यूज करायचं (वेगानं फिरवून गाळ खाली बसवायचा) आणि वरचा द्रव घ्यायचा.

त्यात ग्लुटाथायोन (आपलं प्रथिन पेरॉक्साइडचं पाणी करताना ते खर्चतं), ग्लुटाथायोन रिडक्टेज (खर्चलेलं ग्लुटाथायोन परत ताजं करणारं एन्झाइम), एनएडीपीएच (त्या कामात खर्च होणारं द्रव्य) आणि शेवटी पेरॉक्साइड. ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच किती वेगानं घटतं, ते मोजायचं. कलेजीतलं कॅटलेज हे दुसरं एन्झाइम मधेच पेरॉक्साइड फस्त करतं, म्हणून आधी थोडं सोडियम अझाइड. ते विषारी आहे. सिंकमध्ये ओतू नका, तांब्या-शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार बनतात.

हायड्रोजन पेरॉक्साइडऐवजी क्युमीन हायड्रोपेरॉक्साइड वापरलं की आकडा फुगतो, कारण सेलेनियम नसलेलं ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे वेगळं एन्झाइमही त्यावर काम करतं. गिनीपिगच्या यकृतात तर जवळजवळ सगळा आकडा त्याचाच!

[दृश्य : गोठा. गाईचं रक्त घेताना.]

चाऱ्यात सेलेनियम कमी पडलं की कलेजीतलं पहिलं भावंड झपाट्यानं ओसरतं, चौथं बराच काळ तग धरतं. भेज्यात सेलेनियम मुळात थोडंच असतं, पण तो आपला वाटा सहजी सोडत नाही. जिवंत जनावराच्या कलेजीचा तुकडा सहजी घेता येत नाही, म्हणून रक्त. पण रक्तपेशीत हे प्रथिन ती घडतानाच भरलं जातं, आणि गाईची रक्तपेशी काही महिने जगते. आज सेलेनियम सुरू केलं तरी पुढच्या आठवड्यात तो आकडा फारसा हलणार नाही. ताजा बदल हवा असेल तर सीरममधलं (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवातलं) सेलेनियम तपासा, आणि नमुना लालसर दिसला तर दुसरा घ्या : रक्तपेशी फुटलेल्या आहेत.