हात धुतले का, एवढंच विचारून भागत नाही

वॉर्डाच्या फलकावर ‘या महिन्याचं हस्तस्वच्छतेचं प्रमाण’ म्हणून एक टक्केवारी लावलेली असते. ती ९० च्या पुढे गेली की सगळे खूश होतात. मी मात्र आधी विचारते, हे मोजलं कुणी आणि कुठे उभं राहून?

हिशेब तसा सोपा आहे. हात स्वच्छ करायला हवेत असा प्रत्येक प्रसंग म्हणजे एक संधी. त्यांपैकी जितक्या वेळा हात खरोखर स्वच्छ केले, त्याची टक्केवारी काढायची. जागतिक आरोग्य संघटनेने असे पाच प्रसंग ठरवून दिले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी (जसं इंजेक्शन देणं), रक्त किंवा इतर स्रावांशी संपर्क येण्याची शक्यता होती त्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि नुसत्या त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावला तरीही.

आता प्रत्यक्षात बघा. सिस्टर येतात, उशी नीट करतात, कठडा वर ओढतात, पडदा सारतात आणि त्याच हातांनी सलाईनच्या पोर्टमधून, म्हणजे नळीवरच्या औषध सोडायच्या तोंडातून, इंजेक्शन देतात. मग बाहेर येऊन हॅण्डरब, म्हणजे हात स्वच्छ करायचं अल्कोहोलचं द्रावण, अगदी व्यवस्थित चोळतात. ही मोजणी करणारा निरीक्षक दाराशी उभा असेल तर त्याला शेवटचं तेवढं दिसतं आणि तो बरोबरची खूण करतो. इंजेक्शनच्या आधीची, म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची संधी हुकली, हे त्याच्या कागदावर येतच नाही.

‘नंतर’चे हात स्वच्छ होतात आणि ‘आधी’चे राहतात, हे अनेक पाहण्यांत दिसलेलं आहे. त्यात आश्चर्य नाही. काही चिकट, घाण लागलं की हात आपोआप नळाकडे वळतात, ते आपल्या स्वतःसाठी. स्वच्छ दिसणारे हात रुग्णासाठी पुन्हा स्वच्छ करायचे, याला आतून कुणी ढकलत नाही. ती सवय लावून घ्यावी लागते. ग्लोव्हजमुळे तर आणखी फसगत होते. ते घातले की आपण सुरक्षित, असं वाटतं आणि त्याच ग्लोव्हजने एका कामावरून दुसऱ्या कामावर जाणं होतं.

कुणी बघत असलं की वागणं बदलतं, हेही सगळ्यांना माहीत आहे. टोरोंटोमधल्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हॅण्डरबच्या यंत्रांवर इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवली होती. निरीक्षक नजरेच्या टप्प्यात असताना वापर जवळपास तिप्पट होता! मग इलेक्ट्रॉनिक मोजणीच का नको? ती जरूर ठेवा, रात्रपाळीतही ती चालू राहते. पण बाटली किती वेळा दाबली एवढंच यंत्र सांगतं. ती इंजेक्शनच्या आधी दाबली की चहाला जाताना, हे त्याला कळत नाही. म्हणून दोन्ही हवं, आणि निरीक्षकाची जागा खाटेजवळ हवी.

जिनिव्हाच्या रुग्णालयात डॉक्टर दिदिए पिते आणि सहकाऱ्यांनी केलेली हस्तस्वच्छतेची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी प्रमाण ४८ टक्के होतं. डॉक्टरांपेक्षा परिचारिका पुढे होत्या, हे इथे बसलेल्या सिस्टरांना ऐकायला आवडेल. पण कामाचा रेटा वाढला की प्रमाण घसरत होतं, आणि अतिदक्षता विभागात ते कमी होतं. तिथे तासाभरात इतक्या संधी येतात की प्रत्येक वेळी साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवायचे म्हटले तर काम करायला वेळच उरणार नाही. हॅण्डरबला २० ते ३० सेकंद लागतात, म्हणून तो खाटेच्या हाताशी असायला हवा. हात दिसायला मळले असतील, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जिवाणूचा रुग्ण असेल, तर साबण-पाणीच. त्याच्या बीजाणूंना अल्कोहोल मारत नाही.

चोळण्याचंही एक सांगते. अंगठा आणि बोटांची टोकं राहून जातात. रुग्णाला सगळ्यात जास्त स्पर्श होतो तो त्यांचाच.

तर निरीक्षणाच्या कागदावर एक रकाना वाढवा: संधी हुकली तेव्हा सिस्टरच्या हातात काय होतं, बाटली किती पावलांवर होती, हाक कुणाची आली होती. नाव लिहू नका. नाव लिहिलंत की पुढच्या वेळी तुम्हाला फक्त दाखवायचे हात दिसतील. आणि ते कागद महिनाभर साठवू नका. त्याच पाळीत, चहाच्या वेळी, त्या सिस्टरांसमोर ठेवा. बाटली कुठे हवी, ते त्या तिथल्या तिथे सांगतील.