आकुर्डीचे बजाज, राज्यसभेतले बजाज

जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना आहे. बडे उद्योगपती मुंबईत बसून कारखाने चालवत, त्या काळात राहुल बजाज यांनी याच कारखान्याच्या वसाहतीत संसार थाटला आणि अनेक वर्षे ते तिथेच राहिले.

वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या या नातवाचा जन्म १० जून १९३८ रोजी कोलकात्यात झाला. हार्वर्डमध्ये एमबीए करून परतल्यावर, १९६८ साली, वयाच्या तिशीत कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती आली. स्कूटर बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव लाभलेली ‘चेतक’ स्कूटर रस्त्यावर आली. किक मारूनही सुरू होत नसेल तर गाडी एका अंगावर कलती करायची, क्षणभर तशीच धरायची आणि पुन्हा किक मारायची, हे त्या पिढीच्या अंगवळणी पडले होते. तरीही या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत आणि वापरलेली चेतक नव्या गाडीपेक्षा चढ्या भावाने विकली जाई, कारण किती स्कूटर बनवायच्या हे ग्राहक नव्हे, तर सरकारी परवाना ठरवत असे. जादा उत्पादन हा गुन्हा ठरत असेल तर तुरुंगात जायचीही तयारी आहे, असे बजाज म्हणत. मात्र त्याच परवान्यांनी प्रतिस्पर्ध्यांनाही वेशीबाहेर रोखून धरले होते, हेही नोंदवले पाहिजे. उदारीकरणानंतर १९९३मध्ये परदेशी कंपन्यांशी बरोबरीची संधी मागणाऱ्या उद्योगपतींच्या ‘बॉम्बे क्लब’ या गटात तेच आघाडीवर होते.

प्रमोद महाजन यांच्या निधनाने रिकामी झालेली राज्यसभेची जागा २००६च्या जूनमध्ये बजाज यांनी अपक्ष म्हणून जिंकली. राज्याच्या राजकारणात एकमेकांविरुद्ध उभे असलेले राष्ट्रवादी आणि भाजप-शिवसेना युती असे दोघेही त्यांच्या पाठीशी होते, तर पराभूत उमेदवार काँग्रेसचा होता. महाजनांच्या मुदतीतली उरलेली चार वर्षे संपली, तशी जुलै २०१०मध्ये त्यांची खासदारकीही संपली.

त्यांचे सर्वाधिक गाजलेले राजकीय बोल मात्र सभागृहाबाहेरचे आहेत. नोव्हेंबर २०१९मध्ये, मुंबईतल्या एका पुरस्कार समारंभात, गृहमंत्री अमित शहा समोर असताना, सरकारवर उघड टीका करायला उद्योजक घाबरतात, असे त्यांनी सुनावले आणि घाबरण्याचे कारण नाही, असे उत्तर शहांनी तिथेच दिले. त्या वेळी बजाज ८१ वर्षांचे होते आणि खासदारकी सुटून ९ वर्षे झाली होती.