चार बोटांचं अंतर

[दृश्य: ब्रेस्टची रेल्वे कार्यशाळा. प्रवासी डबा जॅकवर वर चढतो.]

नीट पाहा. प्रवासी डब्यातच बसलेले आहेत. कुणी चहा पितंय, कुणी खिडकीतून खाली डोकावतंय, आणि त्यांचा अख्खा डबा अधांतरी उचलला गेलाय. खालची चाकांची बोगी सरकत बाहेर जाते, दुसरी आत येते. हे बेलारूसमधलं ब्रेस्ट. बूग नदीच्या पलीकडे पोलंड. तिकडे दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. इकडे त्याहून चार बोटं जास्त.

१९४१ साली हा फरक नेमका ८९ मिलिमीटर होता.

जर्मनी आणि सोव्हिएत संघाच्या महायुद्धाची गोष्ट सांगताना रणगाडे येतात, बर्फ येतो, सेनापतींची नावं येतात. रूळ उखडणारे, सरकवणारे, पुन्हा ठोकणारे हात मात्र त्या गोष्टीत क्वचितच दिसतात. हा माहितीपट त्या हातांचा आहे.

[दृश्य: जुने नकाशे. सेंट पीटर्सबर्ग–मॉस्को मार्ग.]

१८५१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को रेल्वे सुरू झाली. तिच्या आखणीत जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर या अमेरिकन अभियंत्याचा सल्ला घेतला होता. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ठरलं पाच फूट: १५२४ मिलिमीटर. शत्रूची गाडी आत येऊ नये म्हणून झारने मुद्दाम रुंद रूळ टाकले, असं आजही सांगितलं जातं. ती दंतकथा आहे. पण ९० वर्षांनी शत्रू आला, तेव्हा रूळ खरोखरच आडवे आले.

[दृश्य: बूग नदीवरचा रेल्वेपूल. पहाट.]

२१ जून १९४१ ची रात्र. दोन्ही देशांत अजून करार आहे, व्यापार चालू आहे. मध्यरात्रीनंतर धान्याने भरलेली सोव्हिएत मालगाडी याच सीमेवरून जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये शिरते. काही तासांत, उजाडायच्या आत, तोफा सुरू होतात.

[दृश्य: धुरळा उडवत जाणारे रणगाडे. मागे घोडागाड्यांची रांग.]

तीस लाखांहून अधिक जर्मन सैनिक. तीन मोठे सेनासमूह: एक लेनिनग्राडकडे, एक मॉस्कोकडे, एक कीव्हकडे. आता नजर रणगाड्यांवरून काढून मागे न्या. ते घोडे दिसतायत? सहा लाखांहून जास्त होते. जगातलं सगळ्यात आधुनिक म्हणवलं जाणारं हे सैन्य बरंचसं घोड्यांवर आणि पायी चाललं होतं. ट्रकचा पल्ला रेल्वेच्या शेवटच्या ठाण्यापासून फार तर ५०० किलोमीटर. मॉस्को हजार किलोमीटरवर. ट्रकच्या पल्ल्यापुढे दारूगोळा न्यायचा तर रेल्वे हवी, आणि जर्मन इंजिन त्या रुळांवर उभंही राहू शकत नव्हतं.

[दृश्य: रुळांवर वाकलेली माणसं. पहारी, घण.]

ही दृश्यं आम्ही मुद्दाम लांब ठेवली आहेत. काम बघा.

रशियन रूळ लाकडी स्लीपरवर खिळ्यांनी ठोकलेले असत. एका बाजूचा रूळ तसाच ठेवायचा. दुसऱ्या बाजूचे खिळे पहारीने उपटायचे, सगळ्यांनी मिळून रूळ ८९ मिलिमीटर आत सरकवायचा, माप लावून बघायचं, पुन्हा घण. मग पुढचा रूळ. स्टेशन आलं की सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड आले, आणि तिथे काम चौपट. जर्मन रेल्वे पलटणी हे करत होत्या. पुढे युद्धकैद्यांना आणि गावोगावच्या माणसांना जबरदस्तीने याच कामाला जुंपलं गेलं.

रूळ सरकवणं त्यातल्या त्यात सोपं. पाण्याचं काय? रशियन इंजिनं जास्त पाणी घेऊन धावायची, त्यामुळे पाणी भरायची ठाणी लांब लांब होती. जर्मन इंजिन मध्येच तहानेलं व्हायचं. कोळशाचाही मेळ बसेना. माघार घेताना सोव्हिएत रेल्वेवाल्यांनी जमतील तेवढी इंजिनं आणि वॅगन मागे नेल्या होत्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच मोडून ठेवल्या होत्या. मग गेज जिथे बदलतं तिथे माल उतरवा, पुन्हा चढवा. गाड्या तुंबल्या. हिवाळा आला तेव्हा जर्मन इंजिनांचे बॉयलरबाहेरून जाणारे पाण्याचे नळ गोठून फुटले. गरम कपडे पोलंडच्या गोदामांत, शिपाई मॉस्कोच्या दाराशी.

[दृश्य: पूर्वेकडे जाणाऱ्या मालगाड्या. उघड्या वॅगनवर यंत्रं.]

आणि याच महिन्यांत रुंद रुळांवर उलटी वाहतूक चालली होती. हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, २४ जूनला, स्थलांतर परिषद नेमली गेली. जुलै ते नोव्हेंबर या काळात १,५२३ कारखाने उचलून पूर्वेला हलवले. सुमारे १५ लाख वॅगन भरून. लेथ, भट्ट्या, क्रेन, कामगार, त्यांची मुलं. खारकीव्हचा इंजिन कारखाना उरलमधल्या निझ्नी तागीलला गेला आणि तिथल्या वॅगन कारखान्यात मांडला गेला. डिसेंबरात तिथून टी-३४ रणगाडे बाहेर पडले. रेल्वेचं इंजिन बनवणारे हात, वॅगन बनवणारी छपरं, आणि रणगाडे! ५ डिसेंबरला मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. या युद्धाचा पहिला निर्णायक विजय रेल्वे कामगारांचा होता, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

[दृश्य: रात्र. जंगल. रुळांवर स्फोट.]

३ ऑगस्ट १९४३. रशियातल्या कुर्स्कची लढाई नुकतीच जर्मनांवर उलटली होती. बेलारूसच्या जंगलांतल्या गनिमी तुकड्यांनी ‘रूळयुद्ध’ सुरू केलं. पूल नाही, गाडी नाही, फक्त रूळ उडवायचे, हजारोंनी. या प्रतिकाराचा सूड गावांवर निघत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये खातिन गाव माणसांसकट जाळलं गेलं.

[दृश्य: इंजिनामागे ओढला जाणारा भलामोठा आकडा. स्लीपर मधोमध तुटत जातात.]

हा जर्मनांचा रूळनांगर. मागे हटताना शेवटच्या गाडीला जोडत. लोखंडी फाळ दोन रुळांच्या मधून जातो, स्लीपरचे दोन तुकडे करत. नांगरट म्हणावी तर खरंच नांगरट, पण मागे काही उगवू नये म्हणून केलेली. ज्यांनी घण मारून बसवलं, त्यांच्याच गाडीने ते उपटलं.

[दृश्य: मालगाडीचे बंद दरवाजे. माली त्रोस्तेनेत्सचं स्मारक.]

याच रुळांवरून १९४२ मध्ये व्हिएन्नाहून ज्यू कुटुंबं मिन्स्कला आणली गेली, आणि जवळच्या माली त्रोस्तेनेत्सला मारली गेली.

[दृश्य: १७ जुलै १९४४. मॉस्कोचे रस्ते. कैद्यांची न संपणारी रांग.]

जून १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्याने बेलारूसमधली जर्मन आघाडी फोडली. ३ जुलैला मिन्स्क, २८ जुलैला ब्रेस्ट. हे ५७ हजार जर्मन कैदी रेल्वेने मॉस्कोला आणलेले. सोव्हिएत संघाचे या युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख लोक गेले.

[दृश्य: रुळांवर पुन्हा वाकलेली माणसं. पहारी, घण.]

जुलै १९४५. जर्मनीतल्या पॉट्सडॅमला विजेत्या देशांची परिषद होती, तिच्यासाठी स्टालिन रेल्वेने निघाला. ब्रेस्टला बोगी बदलायची नव्हती. पोलंडमधून, ओडर नदी ओलांडून, थेट बर्लिनच्या पुढे पॉट्सडॅमपर्यंत खिळे पुन्हा उपटले गेले. रूळ पुन्हा चार बोटं सरकला. या वेळी बाहेरच्या बाजूला.