छपरीतला शुक्रवार : 'ये जो है जिंदगी' पुन्हा पाहताना

(दृश्य : वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं एक गाव. सकाळचं ऊन. पऱ्हाटीच्या वावरात बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचताहेत.)

निवेदन :

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. मोबाईलवर बातमी आली : सतीश शहा गेले. मोठे काका धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसले होते. त्यांना जाऊन सांगितलं, तर नाव ऐकून त्यांच्या काही लक्षात येईना. मी म्हटलं, "काका, तो नाही का, शुक्रवारच्या मालिकेतला. दर वेळी वेगळा होऊन यायचा."

काकांनी हातातला डबा खाली ठेवला.

"'तीस साल का एक्स्पीरिअन्स' म्हणणारा, तीस सालवाला?"

"हो, तोच."

"गेला का बाप्पा! किती हासवलं त्यानं, आपल्या छपरीत येऊन."

सतीश शहा आमच्या गावात कधीच आले नव्हते. पण काका 'छपरीत येऊन' म्हणाले, आणि मला ते खरंच वाटलं. कारण १९८४ साली ते दर आठवड्याला आमच्या छपरीत, म्हणजे घराच्या पडवीत, येत होते.

(दृश्य : जुन्या घराची छपरी. भिंतीत रिकामा कोनाडा. वर कौलांमधून आत येणारी उन्हाची तिरीप.)

निवेदन :

या कोनाड्यात टीव्ही होता. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी खोक्याचा, समोर सरकती दारं असलेला. तेव्हा कापूस सरकारी एकाधिकार खरेदीतच घालावा लागे आणि पैसा चुकाऱ्याचुकाऱ्यानं हाती येई. अशाच एका चुकाऱ्यातून काकांनी हिंगणघाटहून हा टीव्ही बैलबंडीत घालून आणला. वाटेत हादरे बसू नयेत म्हणून खाली कुटार अंथरलं होतं. त्याच सुमारास देशभर दूरदर्शनचे नवे मनोरे उभे राहत होते आणि शहरापुरती असलेली ही वस्तू आमच्यासारख्या गावांपर्यंत पोचली होती.

अँटेना बांबूला बांधलेला. वारा आला की पडद्यावर मुंग्या. मग एक जण कौलावर, एक जण अंगणात आणि एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "नाई!" "आता?" "थांब थांब, तसाच धर!" मी आठ वर्षांचा होतो. माझं काम अंगणात उभं राहून आतला निरोप वर पोचवण्याचं. त्यामुळे पहिल्या कित्येक भागांची सुरुवात मी पाहिलेलीच नाही, फक्त ऐकली आहे. किशोरकुमारच्या आवाजातलं शीर्षकगीत सुरू झालं की काळजाचा ठोका चुकायचा, कारण मी अजून अंगणातच असायचो.

(दृश्य : मोबाईलच्या पडद्यावर जुन्या भागाची पुसट चित्रं. पाहणाऱ्याचा चेहरा.)

निवेदन :

'ये जो है जिंदगी' ही दूरदर्शनवरची सुरुवातीची विनोदी मालिका. १९८४ मध्ये ती आली तेव्हा 'हम लोग' सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. निर्माते एस. एस. ओबेरॉय. दिग्दर्शनात कुंदन शहा, ज्यांचा 'जाने भी दो यारों' आदल्याच वर्षी आला होता. त्या सिनेमात सतीश शहांनी प्रेताचं काम केलं होतं. संवाद न बोलता, डोळे न हलवता माणूस किती हसवू शकतो, हे ज्यांनी तो सिनेमा पाहिला त्यांना ठाऊक आहे.

गोष्ट तर एवढीशी. रणजित वर्मा हा नोकरदार माणूस, रेणू ही त्याची बायको आणि राजा हा तिचा भाऊ. राजाला कामधंदा नाही आणि तो बहिणीकडेच मुक्कामाला आहे. साळा घरात येऊन राहिलेला! आमच्याकडे साळा-भाटव्याचं नातं म्हणजे थट्टेला मोकळं रान. त्यामुळे मुंबईतलं ते घर आम्हाला परकं वाटलंच नाही. पहिल्याच आठवड्यात गावातल्या दोघातिघांची नावं 'राजा' पडली. त्यातल्या एकाला आजही त्याच नावानं हाक मारतात, आणि त्याला नातवंडं आहेत.

रणजित झाले शफी इनामदार. रेणू झाल्या स्वरूप संपत, १९७९ सालच्या मिस इंडिया. राजा झाले राकेश बेदी. रणजितचे साहेब टिकू तलसानिया. त्यांचं "ये क्या हो रहा है?" आमच्या शाळेत इतकं बोललं जाई की गुरुजीही एकदा वर्गात शिरताना तेच म्हणाले.

लेखक शरद जोशी. पाटीवर हे नाव आलं आणि छपरीत एकदम शांतता पसरली. कारण आमच्यासाठी शरद जोशी म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. खिशाला लाल बिल्ला लावणारे चारपाच जण तिथंच बसलेले होते. त्यातला एक म्हणाला, "पाहा, सायेब कापसाच्या भावाचंही पाहते अन् हेही लिहिते!" कित्येक महिने गाव हेच समजून होतं. हे शरद जोशी वेगळे, उज्जैनचे, हिंदीतले मोठे व्यंग्यकार, 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हे सदर लिहिणारे. मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं. काकांना सांगितलं तेव्हा ते थोडे हिरमुसले होते.

भाषेची अडचण कुणाला फारशी आली नाही. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, आणि वर्ध्यात तर १९३६ पासून हिंदीचा प्रचार करणारी राष्ट्रभाषा प्रचार समिती. आमच्या घरातच दोघं जण समितीच्या परीक्षा दिलेले. जे सुटायचं ते शेजारचा सांगायचा.

(दृश्य : अंगणात वाळत घातलेली हळद. म्हाताऱ्या हाताचा पंजा, रेषारेषांत पिवळा.)

निवेदन :

मालिकेचे प्रायोजक होते विको. मालिकेआधी त्यांची हळदीच्या क्रीमची जाहिरात लागे. आता आमचा हा समुद्रपूर तालुका म्हणजे वायगाव हळदीचा मुलूख. २०१६ मध्ये या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळद इथं पिढ्यानपिढ्या आहे. आजीचं अख्खं आयुष्य हळद उकळण्यात, वाळवण्यात गेलेलं. तिच्या नखांच्या कडा बारा महिने पिवळ्या. पहिल्यांदा जाहिरात लागली तेव्हा ती उठून पडद्याजवळ गेली, हात कोनाड्याच्या कडेला टेकवून नीट पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "आपली हळद टीवीत आली वो!" पडदा काळापांढरा, तरी तिला ती पिवळी दिसली.

विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर मुंबईला जाण्याआधी नागपुरात किराणा दुकान चालवत होते, हे मला अगदी अलीकडे समजलं. आजी असती तर आधी तिला सांगितलं असतं.

(दृश्य : रात्र. मोबाईलचा उजेड. एकामागून एक भाग सुरू होताहेत.)

निवेदन :

बातमी आली त्या रात्री मी यूट्यूबवर सापडतील ते सुरुवातीचे भाग पाहायला बसलो. चित्र धुरकट आहे, आवाज मधेच बसतो. काही भाग रेंगाळतात, हेही सांगायला हवं. तरी पहाटे कोंबडा आरवेपर्यंत मी उठलो नाही.

सतीश शहांसाठी पाहायला बसलो होतो. पंचावन्न भाग आणि पंचावन्न भूमिका, असा त्यांचा हिशेब सगळीकडे सांगितला जातो. दर आठवड्याला नवा माणूस. चाल नवी, बोलणं नवं, कपाळावरच्या आठ्यासुद्धा नव्या. लहानपणी आम्ही पोरं पैज लावायचो, आज तो कोण होणार? डॉक्टर, की पोलीस, की पाहुणा? मूठभर शेंगांची पैज. जिंकलेल्या शेंगा मालिका संपेपर्यंत उरायच्या नाहीत.

पण दुसऱ्यांदा पाहताना माझी नजर सतीश शहांवरून सरकली आणि शफी इनामदारांवर जाऊन थांबली. हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं. आठव्या वर्षी दिसतही नाही.

शफी इनामदार कोकणातले, दापोलीकडचे. नाटकात मुरलेले. 'अर्धसत्य'मध्ये त्यांनी हैदर अली नावाचा पोलीस अधिकारी केला, तो सिनेमा १९८३ चा. आणि पुढच्याच वर्षी हा रणजित. या मालिकेत जो येतो तो काहीतरी करायला येतो. साहेब ओरडायला येतात, राजा घोळ घालायला येतो, सतीश शहा तर घर डोक्यावर घ्यायलाच येतात. या सगळ्यांत एकच माणूस असा आहे की जो ऐकतो. नुसतं ऐकतो. समोरचा बोलत असताना शफी इनामदारांचा चेहरा पाहा. आधी पटल्यासारखं, मग थोडी शंका, मग आपण फसलोय हे कळणं, आणि तरीही घरात आलेल्या माणसाला 'जा' म्हणता न येणं. हे सगळं शब्दाशिवाय चालतं. आपण हसतो ते समोरच्याच्या वाक्यावर, पण हसू पिकतं रणजितच्या चेहऱ्यावर.

बैलजोडीत एक बैल उधळा असला तरी दुसरा शांत लागतो, नाहीतर नांगराचं तास सरळ जात नाही. हे माझं मत काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "मंग आता समजलं का तुले? आमी तर त्यालेच पाहो. घर चालवणाऱ्या माणसाचं तोंड तसंच असते."

तेव्हा काका तिशीत होते. घरात बारा माणसं, वर टीव्ही पाहायला येणारी चाळीस, आणि प्रत्येकाला बसायला सतरंजी द्यायची ती त्यांनीच. त्यांना रणजित दिसत होता, मला दिसायला चाळीस वर्षं लागली. शफी इनामदार तर १९९६ मध्येच गेले, वय फार नव्हतं.

आत्याला वेगळंच आठवतं. ती म्हणते, रेणू नवऱ्याला समोरासमोर विचारते. भांडते, रुसते, पण दाराआड उभी राहून नाही. "आमी बायका मांगं बसो, खांबाजवळ. अन् ते बोलली का आमी एकमेकीले चिमटे काढो." त्या चिमट्यांची गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती.

आणखी एक. या घरात कुणी दुष्ट नाही. कट नाही, विष नाही, वारसाहक्काची कागदपत्रं नाहीत. गैरसमज होतो, फुगतो आणि त्याच रात्री फुटतो. पुढच्या शुक्रवारी पाटी कोरी. आज रोज रात्री अर्धा तास एकच रडगाणं सहा सहा महिने ओढत नेणाऱ्या मालिका पाहिल्या की एका भागात गोष्ट मांडून, रंगवून, मिटवून दाखवणं किती अवघड आहे ते कळतं. शरद जोशींच्या लेखणीची ताकद तिथं आहे, आणि शिकणाऱ्यांनी ती बारकाईनं पाहावी असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : संध्याकाळ. समाजमंदिराची चुन्यानं रंगवलेली भिंत. पोरं सतरंज्या अंथरताहेत. भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर.)

निवेदन :

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आम्ही गावात सुरुवातीचे तीन भाग दाखवायचं ठरवलं. वेचणीवरून आलेल्या बायका हातपाय धुऊन तशाच आल्या, केसांत कापसाचे तंतू. आठ वाजता लाइन गेली. कुणी घरी गेलं नाही. काका म्हणाले, "तवाही जायेच." ट्रॅक्टर आणून बॅटरी जोडली, तीही पूर्वीसारखीच.

पहिल्या भागात पोरं मोबाईलमध्येच होती. मोठी माणसं मात्र वाक्य यायच्या आधी हसत होती. साहेबांचं "ये क्या हो रहा है?" भिंतीवर यायच्या आत मागच्या रांगेतून आलं, आठदहा म्हाताऱ्या आवाजांत एकदम. तेव्हा पोरांनी माना वर केल्या. आपले आजे असे ओरडू शकतात, हे त्यांना नवीन होतं.

दुसरा भाग संपला. मी तिसरा लावत होतो, तेवढ्यात समोर बसलेल्या चौथीतल्या एका पोरीनं काकांना विचारलं, "आबाजी, तो जाडा माणूस आता कोण होऊन येते?"

"तूच सांग."

"पोलीस."

"नाई वो," शेजारचा पोरगा म्हणाला, "डॉक्टर होते तो."

काकांनी बंडीच्या खिशात हात घातला, मूठभर भाजलेल्या शेंगा काढल्या आणि दोघांच्या मधे सतरंजीवर ठेवल्या.

(दृश्य : भिंतीवर रणजितचं घर. दार वाजतं. पोरं पुढे सरकतात.)