वणव्यावर विमान: मोठं की छोटं?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियात वणवा पेटला की टीव्हीवर हमखास एक दृश्य दिसतं. भलंमोठं जेट डोंगरावर आग रोखणाऱ्या लाल मिश्रणाचा पट्टा ओढत जातं. मग गावोगावी मागणी सुरू होते, आम्हालाही तसलंच विमान हवं. पण विमान किती लिटर नेतं यापेक्षा तासाला किती लिटर टाकतं आणि पहिली खेप कधी पोचते, हे आधी विचारायला हवं.

एअर ट्रॅक्टर ८०२ हे छोटं विमान घ्या. मूळ घराणं शेतात औषध फवारणाऱ्या विमानांचं. इंजिन आणि वैमानिक यांच्या मधोमध टाकी, सुमारे ३,००० लिटरची. कच्च्या धावपट्टीवरही उतरतं. पंखा फिरता ठेवूनच पाइप जोडतात आणि काही मिनिटांत टाकी भरते. धावपट्टी आगीपासून वीस किलोमीटरवर असेल तर वीसेक मिनिटांत एक खेप धरा, म्हणजे तासाला ९,००० लिटर. दोन विमानं असली तर १८,०००.

बोइंग ७३७ एका खेपेला १५,००० लिटर नेतं, पण त्याला लांब, पक्की धावपट्टी लागते. तळ अडीचशे किलोमीटरवर असेल तर जाणं, येणं, भरणं यात सव्वा तास सहज जातो. तासाचे झाले १२,००० लिटर.

मग मोठं कशाला? रेषा ओढायला. वीस मीटर रुंद पट्टा, चौरस मीटरला एक लिटर धरला तर ७३७ एका दमात ७५० मीटर ओढतं, छोटं १५०. दाट जंगलात मिश्रण दुप्पट लागतं, लांबी निम्मी होते. छोट्यांच्या पाच पट्ट्यांना चार सांधे येतात, आणि आग नेमकी फटीतून निसटते. शिवाय आसपास धावपट्टीच नसलेल्या दुर्गम भागात मोठंच कामाला येतं.

मोठ्याच्या पुढे एक छोटं विमान वाट दाखवत उडतं. ते नसेल तर थांबावं लागतं. मोठं विमान फार खाली आलं तर टनावारी मिश्रण फांद्या मोडतं, खाली माणसं असतील तर जिवावर बेततं. फार वरून टाकलं तर वारा उडवून नेतो. आणि निलगिरीची जळती साल वाऱ्यावर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडते, तिथे अशी कुठलीच रेषा पुरत नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या अर्ध्या तासात दोन छोटी विमानं, सोबत जमिनीवरची तुकडी. आग हाताबाहेर गेली, तर वस्तीच्या आड रेषा ओढायला मोठं.

तिकडच्या खेडेगावात राहणाऱ्या मराठी श्रोत्यांसाठी एक गोष्ट. छपरावर लाल मिश्रण पडलं तर पावसाच्या टाकीत जाणारा पाइप आधी सोडवा. वाळण्याआधी छप्पर धुऊन काढा आणि धुणाचं पाणी स्वच्छ वाहू लागल्यावरच पाइप पुन्हा जोडा.