अपिलासाठी लिहिलेली वही

सांगली जिल्ह्यातील खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी तरुण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जात आले आहेत. विट्याजवळच्या एका गावातील ज्या भावाबहिणीची ही हकिगत आहे, त्यांतील धाकटा भाऊ शाळा सुटल्यावर असाच तमिळनाडूतील एका गलाई दुकानात गेला, आणि विशीतच त्याला स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराने गाठले. कानात आवाज येऊ लागले, भट्टीपुढे बसवेना, तेव्हा दुकानमालकाने त्याला तेथील डॉक्टरांना दाखवले आणि काही महिन्यांनी गावी आणून पोहोचवले. आज तो चाळिशीत आहे. आई-वडिलांच्या पश्चात त्याचे सारे थोरली बहीण पाहते. गाव तिला अक्का म्हणते, आपणही तसेच म्हणू.

'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मानसिक आजाराचा समावेश आहे. मात्र प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदले गेले नाही, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या आधारासाठी अर्जच टिकत नाही. २०२५ मध्ये या योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. अक्का दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात, त्यामुळे भावाच्या महिन्याच्या गोळ्या सुटू नयेत यासाठी ही रक्कम त्यांच्या घरात फार मोलाची आहे. पण प्रमाणपत्रासाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाने त्याला तपासले आणि दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असल्याचे लिहून दिले.

हे कसे घडले, ते नीट समजून घ्यायला हवे. मानसिक आजारातील दिव्यांगत्व 'आयडियाज' नावाच्या भारतीय मोजपट्टीने ठरवले जाते. स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण देतात, आजार किती वर्षांचा आहे याचे जास्तीत जास्त चार गुण त्यात मिळवतात, आणि २० पैकी किमान सात गुण झाले तरच ४० टक्क्यांची पायरी गाठली जाते. यांतील बरीचशी माहिती डॉक्टरांना सोबत आलेल्या नातेवाइकाकडूनच मिळते. अक्कांना विचारले गेले, "रोज अंघोळ करतो का?" त्या म्हणाल्या, "करतोय की." "शेतात जातो का?" "येतोय की माझ्यासंगं." दोन्ही उत्तरे खरी होती. परंतु पाणी काढून, कपडे हातात देऊन, चार वेळा सांगितल्याशिवाय तो न्हाणीत जात नाही, आणि रानात आला तरी दिवसभर बांधावर बसून राहतो, हे कोणी विचारले नाही आणि अक्कांनीही सांगितले नाही. घरातल्या माणसाचे उणे चारचौघांत बोलू नये, ही आपल्याकडची रीत आहे. त्यातच घरात लग्नाची मुलगी असेल, तर आजाराचे नावसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊ दिले जात नाही. ज्या मायेपोटी माणूस असे झाकतो, तिला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरीही बोर्डापुढे न सांगितलेली अडचण कागदावर कधीच उमटत नाही, एवढे मात्र स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

याच कायद्याच्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्राबाबतच्या निर्णयावर अपील करता येते. अपिलाला मुदत असते, म्हणून निकालाच्या कागदावरील तारीख सर्वांत आधी पाहावी आणि अर्ज दिल्याची पोच न विसरता घ्यावी. अक्कांच्या भाच्याने, जो विट्यात महाविद्यालयात शिकतो, अर्ज लिहून दिला. पण अपिलाचा खरा आधार ठरली ती अक्कांनी ठेवलेली वही. शाळेतली साधी दोनशे पानी वही. भाऊ किती वेळा सांगितल्यावर जेवला, रात्री किती झोपला, पाहुणे आल्यावर कोठे जाऊन बसला, दुकानातून काय आणायला सांगितले आणि काय आणले, हे त्या रोज दोन-तीन ओळींत लिहीत गेल्या. "आजारी असतो" या शब्दांतून गुण ठरत नाहीत. अशा नोंदींतून ते ठरू शकतात.

दुसरी अडचण वर्षांची होती. गावाजवळच्या उपचारांचे कागद अलीकडचे असल्याने आजारही अलीकडचाच धरला गेला होता, आणि त्यामुळे कालावधीचे गुण कमी पडले होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २५ ने रुग्णाला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे. त्या आधारे तमिळनाडूतील दवाखान्याकडे लेखी मागणी केली गेली, आणि जुन्या गलाई दुकानाच्या मालकानेही तो कामाला केव्हा होता व केव्हा, कशामुळे परत आणला, हे पत्राने कळवले.

एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. हे सारे भावाच्या पाठीमागे झाले नाही. आपण काय करू शकत नाही, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे कोणालाही जड जाते. म्हणून वहीतले प्रत्येक पान अक्का त्याला वाचून दाखवत, आणि तो नको म्हणेल तो मजकूर खोडून टाकत. अपिलाच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याला स्वतःला विचारले, तेव्हा आवाज अजूनही येतात, हे त्याने स्वतःच सांगितले.

अपील मान्य झाले आणि ४० टक्क्यांच्या वरचे, परंतु ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळाले. आता उत्पन्नाचा दाखला जोडून तहसील कार्यालयात अनुदानासाठी अर्ज दिला आहे. प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होणार असल्याने अक्कांनी वहीतील नोंदी थांबवलेल्या नाहीत. महिन्याच्या गोळ्यांच्या पावत्याही त्या आता तिच्यातच, तारखेनुसार चिकटवून ठेवतात.